भिंतीवर झालेलं काम

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे तो कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुम्ही आणि मामी खुशाल असालच. तुमची तब्येत नेमकी कशी आहे, हे मला जरा सविस्तर कळायला हवं. का, ते पुढे येईल. मामींना सांगा, त्यांनी दिलेलं तेल रोज चोळतो. गुडघ्याला ढिम्म फरक नाही, पण वासामुळे ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असते, हेही काही कमी नाही.

तुम्ही विचारलं होतंत की तुझं तर बैठं काम, मग गुडघ्याला काय झालं. मामा, बैठं होतं. तीन महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीने 'अजाइल' नावाची पद्धत आणली. पूर्वी आम्ही वर्षभर सॉफ्टवेअर बनवून शेवटी एकदाच तोंडघशी पडायचो. आता दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं पडतो. हे शिकवायला एकोणतीस वर्षांचे एक प्रशिक्षक आलेत. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. (तो मान आहे, असा त्यांचा समज आहे.) त्यांचा नियम असा, की रोज सकाळी सगळ्यांनी भिंतीसमोर उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि अडचण काय. उभं अशासाठी की पाय दुखले म्हणजे माणसं आटोपतं घेतात. आमच्याकडची माणसं घेत नाहीत. पंधरा मिनिटांची सभा पाऊण तास चालते. अडचण मात्र कोणालाच नसते, कारण पहिल्या दिवशी एकाने सांगितली तर ती सोडवायला गुरुजींनी आणखी एक सभा लावली. तेव्हापासून सगळे सुखी आहेत.

भिंतीवर तीन रकाने आखलेत: 'करायचं', 'चालू' आणि 'झालं'. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी, आणि काम सरकेल तशी ती सरकवायची. तुमच्या दुकानात दुरुस्त घड्याळांचा खिळा आहे ना, तसंच. फरक एवढाच, की घड्याळ पुरता एक दिवस चालल्याशिवाय तुम्ही ते त्या खिळ्याला लावत नाही. (त्यावरून गिऱ्हाइकांशी किती वाजतं तुमचं.)

तर गेल्या बुधवारी कोणीतरी भिंतीशेजारची खिडकी उघडीच टाकून घरी गेलं. (कोण, ते विचारू नका. असतात एकेक निष्काळजी.) रात्री वारा सुटला आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या जमिनीवर. सकाळी आमच्या मजल्याची साफसफाई करणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी एकेक चिठ्ठी झटकून, मागे चिकटपट्टी लावून, रंग बघून, सरळ ओळीत भिंतीवर लावली. साहजिकच जिथे मोकळी जागा होती तिथे लावली. आमच्याकडे मोकळी जागा 'झालं'खालीच असते.

गुरुजी आले, त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांना भरून आलं. फोटो काढून त्यांनी तो तडक ग्राहकाला पाठवला. आम्ही नऊ जण समोर उभे होतो, पण एकानेही ब्र काढला नाही. प्रत्येकाला वाटलं, आपलं सोडून बाकी सगळ्यांचं झालं असेल. ग्राहक इतका खूश झाला, की पुढच्या आठवड्यात गुरुवारी तयार काम बघायला स्वतः येतोय. सोमवारी गुरुजींनी आधी स्वतः बघावं म्हणून काम उघडलं. पासवर्ड मागणारं एक पान तयार आहे. ते कोणालाच आत घेत नाही, आम्हालासुद्धा.

चूक माणसाची नसते, पद्धतीची असते, असं गुरुजी दर दोन आठवड्यांनी आम्हाला ऐकवतात. या वेळी पद्धत हाती लागली नाही, मावशी लागल्या. खिडकी त्यांनीच उघडी टाकली, चिठ्ठ्यांना हात त्यांनीच लावला, तेव्हा शुक्रवारी त्यांना निरोप द्यायचा असं ठरलं. अकरा वर्षं त्या हा मजला पुसतात. माझा चष्मा त्यांनी आजवर सात वेळा शोधून दिलाय. मला फार वाईट वाटतंय, मामा. ज्याने कोणी ती खिडकी उघडी टाकली, त्याला जेवण कसं जातं कोण जाणे.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ग्राहक येईल त्या गुरुवारी मला रजा हवी आहे, तेव्हा तुम्ही बुधवारपासून अत्यवस्थ व्हावं. फक्त ऑफिसच्या कागदोपत्री तुमचं अपेंडिक्स दोनदा काढून झालंय, म्हणून या वेळी दुसरं काहीतरी बघा.

ता. क. २. खिडकी मीच उघडी टाकली. पाऊण तास उभं राहवत नाही, म्हणून मी सगळ्यांच्या मागे खिडकीच्या कट्ट्याला टेकतो. उकडत होतं, उघडली, विसरलो. सोमवारीच, सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा आपापल्या रकान्यात लावताना, 'खिडकी – गुरुजींना सांगणे' अशी चिठ्ठी लिहून 'करायचं'खाली लावली. (भिंत कोणी वाचत नाही, त्यामुळे धोका नव्हता.) मंगळवारी ती 'चालू'मध्ये सरकवली. आज बुधवार, चालूच आहे.

ता. क. ३. पत्र खिशातच राहिलं. आज गुरुवार, सकाळी लवकर आलो. माझी चिठ्ठी 'झालं'खाली, नवी चिकटपट्टी लावून, अगदी सरळ. मावशी पलीकडचं टेबल पुसत होत्या. मी चष्मा पुसून चिठ्ठी पुन्हा वाचली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "साहेब, तिथे जागा होती."

सभेला दहा मिनिटं आहेत. या मजल्यावर आज तीन महिन्यांनी कोणीतरी अडचण सांगणार आहे. तुम्ही आजारी पडू नका. दुकानात तुमच्या शेजारचं, मी सुट्टीत बसायचो ते स्टूल अजून रिकामं असेल, तर मात्र उलटटपाली कळवा.