मोहोळच्या जावयाला अधिकाचं वाण

१४ जून १९३१, रविवार
मो. काल दादाच्या कचेरीत आंब्यांची करंडी घेऊन आले म्हणे. (नवऱ्याचं नाव इथंही लिहवत नाही, मेली सवय. मोहोळचे म्हणून मो.) 'बायकोला नांदायला पाठवा' म्हणून माझ्यावर दावा लावलाय, तारीख पुढच्या महिन्यात, आणि वर आंबे! दुसरी आणून बसवली तेव्हा पेढासुद्धा धाडला नव्हता. दादा म्हणतो, माणूस निवळलाय. निवळलाय कसला! दादाला कुणी गोड बोललं की तो पाघळतो. मी आंब्यांना हात लावला नाही.

१७ जून
शाळा सुटल्यावर वकीलसाहेबांकडे. हायकोर्टाचे निवाडे काढून बसले होते. सवत आणली, हे नवऱ्याचं घर सोडायला कारण होत नाही. जिवावर बेतेल अशी मारहाण झाली तर होतं. म्हणजे मो.च्या थपडेनं बंद पडलेला माझा डावा कान, तोच काय तो माझ्या बाजूचा. 'पण बाई, नंतर तुम्ही नवराबायकोसारखं राहिलात असं दिसलं, तर कोर्ट म्हणेल, माफ केलंत.'
हल्ली नांदायची डिक्री मोडली तरी बाईला तुरुंगात घालत नाहीत, जप्ती आणतात. पगार धरला, शाळेच्या कमिटीनं काढलं, की उरलं मोहोळ. तिथं परत गेले तर मी काही जिवंत... असो.
घरी सगळ्यांना बजावलं, त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आई जप करत होती, नुसतं हूं म्हणाली. ते हूं मला आवडलं नाही.

२२ जून
आईनं तांदूळ भिजत घातलेत, रोज पाणी बदलते. म्हणजे अनारसे. कुणासाठी, विचारलं. 'अधिक महिना आहे, देवाला.' देवाला एवढे? वहिनी माझ्याकडे बघायलाच तयार नाही. काहीतरी शिजतंय.

२५ जून
फुटलं एकदाचं. आईनं मोहोळला निरोप धाडलाय, रविवारी अधिकाचं वाण घ्यायला या! मागच्या अधिकात मी नुकतीच ते घर सोडून आले होते, जावयाचं वाण राहिलं, आणि त्याच वर्षी वहिनीचं बाळ गेलं. आईच्या डोक्यात ते घट्ट बसलंय. आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. म्हणून ती नजर चुकवत होती.
म्हटलं, अगं, त्यांनी माझ्यावर खटला भरलाय.
'खटला तुझ्याशी आहे. जावई माझा आहे.'
कपाळ माझं.

२९ जून, सोमवार
काल आले. एकटे नाहीत, बरोबर कुणी 'स्नेही'. स्नेह्याच्या बोटांना शाई, नजर सगळ्या खोल्यांतून फिरलेली. हा वकिलाचा कारकून नसला तर माझं नाव बदलीन. वाण दादा-वहिनीनं दिलं. आई विधवा, ती दाराआडून सांगत होती. त्यांच्या शेजारी माझाही पाट मांडलेला. मी गेले नाही, स्वयंपाकघरात पिठात हात घालून बसले.
संध्याकाळी म्हणतात, गाडी चुकली! स्टेशनकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. आणि दादा म्हणतो, राहा की. मी मागच्या दारानं थेट शेजारी, लक्ष्मव्वाकडे. कुणाला सांगितलं नाही. तिनं हातमागाशेजारी जागा करून दिली. 'झोप की गं हितंच, कोन विचारतंय?' कोर्ट विचारेल, म्हटलं.
ते गेल्यावरच घरी आले. आईशी बोलले नाही.

७ जुलै
वकीलसाहेब भडकले, आणि बरोबरच आहे. मो.च्या बाजूनं दोन साक्षी. एक तो स्नेही (कारकूनच निघाला). दुसरी आई. माझी आई! वाण दिलं, मुक्काम झाला, एका छपराखाली रात्र काढली, एवढं तिच्या तोंडून निघालं की त्यांचं काम झालं.
लक्ष्मव्वाला साक्षीला आणा, म्हणाले. तिचा नवरा ऐकत नाही. आमची बाई कोर्टाची पायरी चढणार नाही, म्हणतो.
वहिनी रडली, 'वन्सं, माझ्यापायी झालं.' तिच्यावर रागावता येत नाही, त्याचाच राग येतो.

१२ जुलै, रविवार
उद्या आईची साक्ष. वहिनीकडून कळलं, गुरुवारी मी शाळेत असताना तो कारकून येऊन गेला, दाराआडून आईशी बोलत होता. काय बोलला, वहिनीला ऐकू आलं नाही म्हणे. खरंच आलं नसेल?
शेवटी आईलाच विचारलं, काय सांगणार? पाहिलं ते, म्हणाली. काय पाहिलंस? वाती वळता वळताच म्हणाली,
'मधल्या खोलीत तुमची दोघांची अंथरुणं मीच घातली होती.'
हे मला आज कळतंय! त्यांनी सांगितलं म्हणून? तर नाही. तिला वाटलं, जमेल. मला रडू आलं, रागानं. मी तिथं नव्हते, तेही सांगशील ना? म्हणाली, 'पहाटे तुझ्या चादरीला सुरकुती नव्हती. पाहिलंय मी. विचारलं तर सांगीन. आपणहून जावयाच्या तोंडावर बोलायची नाही.'
हे मला सांगितलं, तसं कारकुनालाही सांगितलं असेल का? मग ते कशाला विचारतील? आई झोपलीय की नुसती पडलीय, कळत नाही.
उद्या कोर्टाआधी वकीलसाहेबांना गाठायचं. सांगायचं, उलटतपासणीत माझ्या आईला सोडू नका. म्हातारी आहे, सोवळी आहे, काही बघू नका. त्या अंथरुणावरून तिला खोदून खोदून विचारा.