दर्या नावाचं गाणं

अब्बा, तुमच्यावर चिडून लिहितोय. किती दिवस मी एक गाणं शोधतोय आणि तुम्ही जाताना नावाखेरीज त्याचं काहीच मागे ठेवलं नाहीत. 'दर्या'. बस्स. कुणी गायलंय, कुठल्या सिनेमातलं, चाल कशी, काही नाही. फोनवर 'दर्या' टाकलं की ढीगभर दर्या समोर येतात. कव्वाली, गझल, कोळीगीत, कानठळ्या बसवणारं रॉक, शिवाय तुमच्या नातीच्या आवडीचं एक रॅप, ज्यात समुद्राचा पत्ताच नाही. इकडे अम्मीचे कान झपाट्याने चाललेत. डॉक्टर म्हणाले, मशीन लावलं तरी गाणं पूर्वीसारखं ऐकू येणार नाही. म्हणून यंदा तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिचं आवडतं गाणं तिला ऐकवायचंच, असं मी ठरवलं होतं.

आखातातल्या खोर फक्कान बंदरातलं आपलं जुनं स्वयंपाकघर आठवतं. दरसाल त्या दिवशी तुम्ही बंदरातली ड्यूटी संपवून घाईने येता आणि हातसुद्धा न धुता हिंदी रेडिओच्या फर्माइशीला फोन लावता. अम्मी पाठमोरी, बांगड्याचं कालवण ढवळतेय. निवेदिका विचारते, कौनसा वाला दर्या, भाईसाब? आणि धक्क्यावर सगळ्यांना धाकात ठेवणारे तुम्ही एकदम मऊ होऊन म्हणता, जी, वही वाला. वही म्हणजे कुठलं? एका वर्षी कव्वाली लागली, एका वर्षी डिस्को, एकदा तर मयताच्या घरी शोभेल अशी गझल. बाईमाणसाला फोनवर दुरुस्त करणं तुम्हाला उद्धटपणाचं वाटायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पुढच्या वर्षी बरोबर लागेल, इन्शाल्ला, म्हणून तुम्ही जेवायला बसायचात. अम्मीलाच विचारा ना, असं मी म्हटलं की माझ्यावर डोळे वटारायचात. विचारून दिली तर ती भेट कसली, म्हणे.

तर परवा आमच्या आताच्या, अल मजाजच्या घरी मी अम्मीच्या कानाशी स्पीकर धरून एकेक दर्या लावत बसलो. तिला प्रत्येक गाणं छान. हे का? छान आहे. मग हे? हेही छान आहे. माझ्या डोक्याला ताप झाला. सोफ्यावरून तुमची नात म्हणाली, "बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क हर?" इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट आपल्या घरात कुणी केली नव्हती. मी मोठ्याने विचारलं. अम्मी ओढणीचं टोक चाळवत म्हणाली,

"असं गाणंच नव्हतं रे. लग्न करून इथं आले तेव्हा त्यांनी विचारलं, तुझं आवडतं गाणं कुठलं? आमच्या घरी कुठली गाणी? मला लाज वाटली. खिडकीतून समुद्र दिसत होता, म्हटलं, दर्या."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी कपाळाला हात लावला. मग सांगितलं का नाहीस कधी? तर म्हणे, ते इतके खूश होऊन फोन लावायचे, कसं सांगायचं. पहिल्या वर्षी राहिलं, मग राहूनच गेलं. तुम्हा दोघांनाही हात जोडावेसे वाटले मला. त्यातलं एखादं तरी आवडलं होतं का, असं विचारलं, तर म्हणाली, सगळीच आवडली, माझ्यासाठी लागायची ना. तेव्हा मात्र मला रडू आलं, अब्बा, आणि त्याचाही राग आला.

मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्याने म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मी हो म्हटलं. गावी गेल्यावर तुमच्या कबरीपाशी बसून हे पत्र वाचायचा विचार होता, तो सोडलाय. चूक तुमची नव्हती, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, आणि नेमकं तेच सांगता येत नाही.