प्रकाशक: अनोळखी

६ जानेवारी २०२५, सोमवार

एकोणतीस तारीख. डॉक्टरांनी कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही.

आईची स्वरपेटी काढायची. पूर्ण. गाठ तिथवर पोचली आहे. "त्यानंतर बोलता येणार नाही. बाकी त्या ठणठणीत राहतील." बाकी!

बाबांना काहीच ऐकू गेलं नाही. तारापूरच्या कापड गिरणीत मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढली, कान तिथेच ठेवून आले. "काय म्हनाले?" — मोठ्याने, सगळ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं. आईने तोंड त्यांच्याकडे वळवून सावकाश सांगितलं. त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःकडे घेतली.

गाडी पामला, आमच्या गावी पोचली. मग आईच — "वालाच्या शेंगा सोलायच्या राह्यल्यात."

७ जानेवारी

मी बोईसरला बसून वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिते. ट्रक काट्यावर चढला की कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकडा. दहा वर्षं हेच. ट्रकांसाठी होतं तर आईसाठी का नाही?

पडद्यावर मोठी बटणं. प्रत्येकावर एक वाक्य. कीबोर्डची कळ दाबली की ते वाक्य आईच्याच आवाजात. आत्ताच्या, जिवंत आवाजात. बावीस दिवस आहेत.

केदारला फोन केला. (भाऊ बंगळुरात, तोही याच धंद्यातला.) "ताई, मोबाईलवर कर ना, सोपं पडेल." आईच्या हातात मोबाईल दिला. एकदा, दोनदा, पाचदा बोट टेकवलं — काच ढिम्म! चाळीस वर्षं वाडीत माती उकरून बोटं अशी राठ झालीत की मोबाईलला ती बोटं वाटतच नाहीत.

"मेल्याला मी दिसत नाय," आई म्हणाली.

कॉम्प्युटरच. दाबल्यावर खाली जाणारी कळ.

९ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग. वाया. मी कागदावर वाक्यं लिहून दिली — मला पाणी हवं. मला दुखतं आहे. पंखा लावा. आईने पदर सावरून, शाळेत धडा वाचावा तशी वाचली. ही कोण बाई? मी ओळखत नाही हिला.

११ जानेवारी, शनिवार

आज आईनेच कागद बाजूला सारला.

"पानी पायजे, ह्ये हातानं सांगता येतं. दुखतंय त्ये तर तोंडावरच दिसतं. जे हातानं सांगता येत नाय त्ये भर."

मी दहा वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाकडून इतकी स्पष्ट मागणी ऐकली नाही.

मग माइक तिच्या पदराला अडकवला आणि विसरून जायला सांगितलं. दिवसभर! शेजारच्या उषाकाकूंशी भांडण (कुंपणाचं). चिकू मोजताना स्वतःशी बडबड. मला, "चारू गो, दुधाकडं बघ." "त्याला काय अक्कल." "बरं झालं, देवानं ऐकलं." बाबांना मारलेली हाक — दोन हाका आहेत, एक जेवायची, एक रागाची.

आणि "मग?" हे मला कधी कळलंच नव्हतं. कुणी काही सांगत असलं की आई मध्ये मध्ये "मग?" म्हणते. तेवढंच. आणि माणूस सगळं सांगून बसतो. मीही आयुष्यभर अशीच सगळं सांगत आले.

"मग?"ला सगळ्यात मोठी कळ द्यायची. स्पेसबार.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना "गोड बोला" म्हणायला सगळ्यांची जीभ अडखळली. आई उठली, एकेकाच्या हातावर ठेवत खणखणीत म्हणाली, "गोडच बोला! माज्या वाटचं बी तुमीच बोला!" आणि हसली. एकटीच.

रेकॉर्ड झालंय.

१६ जानेवारी

घरचा कॉम्प्युटर जुना, विंडोज सात. माझ्या लॅपटॉपवर धावणारा प्रोग्राम तिथे उघडतच नाही. जुनी हत्यारं शोधून पुन्हा बांधला. उघडला — लगेच बंद! चार तास डोकं फोडलं. शेवटी सापडलं. बाबांनी स्वतःचं खातं देवनागरीत केलंय, "बळवंत". माझा प्रोग्राम त्या नावाच्या फोल्डरशी अडखळून पडत होता. मराठी माणसाच्या घरात, मराठी आवाजासाठी, मराठी नावाला अडखळतो! लाज वाटली मला.

दुरुस्त केलं. बाबांना नाव बदलायला सांगितलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

तीन जागी चालायला हवा. घरी विंडोज. हॉस्पिटलात पलंगाशी केदार बसणार, त्याचा मॅक. आणि तिथल्या वाचा-उपचाराच्या खोलीत लिनक्स — स्नेहा मॅडमनी फोनवर सांगितलं. त्या आईला नंतर शिकवणार आहेत. एक आई, तीन घरं, प्रत्येक घराचा उंबरठा वेगळा.

केदारला मॅकसाठीचा पाठवला. त्याने पडद्याचा फोटो धाडला. मॅक म्हणतो — हे खराब झालेलं आहे, कचऱ्यात टाका.

आई मागे उभी होती. "काय लिवलंय?"

"काही नाही गं. ओळख पटत नाही म्हणतोय."

खराब नव्हतंच काही. माझी सही-शिक्का नाही म्हणून त्याला संशय. केदारने एक ओळ टाइप करून तो पुसला. मला मात्र तो शब्द दिवसभर टोचत राहिला.

२३ जानेवारी

नवीनच! वाक्यं कापून, नावं देऊन केदारने मॅकवरून पाठवली. दोनशेच्या वर आहेत. घरच्या विंडोजवर सगळी वाजतात, सात सोडून. कुठली सात? "भाकऱ्या झाल्या, या." "साऱ्यांनी जेवून घ्या." "त्या बिचाऱ्याला वाढ आधी."

सगळी जेवणाची! आई म्हणाली, "उपाशी ठेवतोय काय ह्यो आपल्याला?"

दुपारी उलगडलं. ऱ! मॅकने त्याचे दोन तुकडे केले — एक र, खाली एक टिंब. दिसायला तसंच. विंडोजला ते वेगळंच अक्षर वाटतं, म्हणून फाइल सापडत नाही. भाकऱ्या, साऱ्या, बिचाऱ्या — सगळ्यांत तो ऱ.

फाइलींना आता नावं नाहीत, नुसते आकडे. नावं फक्त बटणांवर. कळ दाबली — "भाकऱ्या झाल्या, या!" आणि बाहेरून खरंच बाबा आले, हात धुऊन. ऐकून नव्हे, वेळ झाली होती म्हणून. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसताना तिला खोकला आला. मग थांबलो.

२७ जानेवारी

स्नेहा मॅडमच्या लिनक्सवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मराठी फॉन्टच नाही तिथे. फॉन्ट प्रोग्रामच्या पोटातच घालून पाठवला. सगळं सामान सोबत घेऊनच जायचं, यजमानांकडे काही असेल हे धरून चालायचं नाही — आई परगावी जाताना भरते तसं.

संध्याकाळी मॅडमचा निरोप. "दिसतंय. वाजतंय. किती गोड बोलतात हो त्या."

२८ जानेवारी

मुंबईत. ती झोपायच्या आधी विचारलं, काही राहिलंय का भरायचं? "राह्यलं असल तर राहू दे," म्हणाली. "सगलं थोडंच भरता येतं."

२९ जानेवारी

सहा तास. झालं. नीट झालं.

आवाज गेला.

३ फेब्रुवारी, सोमवार

गळ्याला खालच्या अंगाला छिद्र, त्यातूनच श्वास. पहिले चार दिवस तिने कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड. केदार मॅक उघडून बसायचा, मिटायचा.

आज शेजारच्या पलंगाशी बसलेली बाई केदारशी बोलत होती. लाडकी नाव तिचं, विक्रमगडकडची. नवरा झिपरू, त्याचंही हेच ऑपरेशन, पुढच्या आठवड्यात. पाऊस सरला की दोघं वीटभट्टीवर जातात, यंदा जाणं झालं नाही. ती सांगत होती, केदार मान हलवत होता. मध्येच ती गप्प झाली.

आणि पलंगावरून — "मग?"

मी दचकले. आईचा हात स्पेसबारवर होता.

लाडकी आईकडे वळून बसली. "मंग काय बाय, डाक्टर बोलला…" आणि सगळं सांगितलं. शेत, भट्टी, पालघरला शिकणारी मुलगी मोनाली, झिपरूला वाटणारी भीती. आई ऐकत होती. मग? मग? नऊ वेळा दाबलं. मी मोजलं.

केदार पाणी आणायला म्हणून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही.

६ फेब्रुवारी

लाडकीने माझा हात धरला. "ह्याचा बी आवाज भरा ना यात. अजून चार दिवस हाय त्याचा."

झिपरू लाजाळू. माइक बघून तोंडच उघडेना. लाडकीला म्हटलं, तुम्हीच बोला त्याच्याशी. ती त्याला चिडवायला लागली, लग्नात तो नदीत घसरून पडला होता त्यावरून. तो उसळला — "मी नाय पडलो! तूच धक्का दिलास!" मग दोन तास थांबलाच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मोनाली आली, लॅपटॉप घेऊन. प्रोग्राम टाकला तर पडद्यावर मोठी निळी पाटी. ती घाबरून थांबली. "मॅडम, धोका आहे म्हणतंय. प्रकाशक अनोळखी."

"म्हंजे?" लाडकीने विचारलं.

"म्हणजे हा कोणी बनवलाय ते कॉम्प्युटरला माहीत नाही," मी सांगितलं. "मी कुठे नोंदणी केलेली नाही ना."

लाडकी त्या पाटीकडे बघून चक्क रागावली. "अनोळखी कशी? आठ दिस आमच्याजवल बसली हाय ही! सांग त्याला."

मोनालीने "तरीही चालवा" दाबलं. झिपरूचा आवाज आला — "मी नाय पडलो!"

सगळा वॉर्ड हसला. सगळ्यात जास्त झिपरू.

१६ फेब्रुवारी

घरी, पामला. ओटीवर टेबल मांडून कॉम्प्युटर लावला. बटणं मोठी केली, आवाज वाढवला.

कुणी हात लावत नाही.

दुपारी बघितलं, आई-बाबा झोपाळ्यावर. आईचे ओठ नुसते हलत होते, सरसर, आवाज नाही. आणि बाबा हसत होते! उत्तर देत होते! कुंपणावरच्या भांडणाचं काहीतरी.

"बाबा, तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं? बारा वर्सं असंच चाललंय. आवाज मला कुटं येत व्हता? तुमी ऐकत होता, मी बघत होतो."

त्यांचं काहीच गेलेलं नाही. आमचं गेलंय.

खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. तीन सिस्टिम, सव्वादोनशे वाक्यं — आणि ज्यांच्यासाठी सगळ्यात जीव तुटत होता त्यांना गरजच नव्हती. मग बरं वाटलं. मग रडले, कुठल्या कारणाने ते कळलं नाही.

२ मार्च

आई वाडीत गेली होती. बाबा कॉम्प्युटरपुढे. "भाकऱ्या झाल्या"ची कळ दाबून स्पीकरवर तळहात ठेवून बसले होते. थरथर हाताला लागते.

मी आवाज न करता मागे फिरले. (आवाज केला असता तरी काय!)

१० मार्च

स्नेहा मॅडमच्या खोलीत अकरा जणांचे आवाज झाले. ऑपरेशनच्या आधीच भरतात आता. मॅडमनी कागद चिकटवलाय — पाटी आली तर घाबरू नका, चारुता मॅडमचा आहे. मी रोज एक तास त्यावरच. कुणाच्या कॉम्प्युटरवर काय अडेल नेम नाही.

आईचं मात्र अडलंय. गळ्यात छोटी झडप बसवली आहे. छिद्रावर बोट ठेवून जोर लावला तर घशातून आवाज निघू शकतो. काहींना जमतं, काहींना नाही. आई करूनच बघत नाही. हातातल्या लिहायच्या पाटीवर तिने लिहिलं — "घाण वाटते. म्हशीसारखा येतो." आधी प्रयत्न केला असणार मग. एकटीने. कधी?

मॅडम हळूच म्हणाल्या, "जुना आवाज कॉम्प्युटरमध्ये इतका छान आहे ना, त्यामुळे नवा त्यांना आवडत नाहीये."



२९ मार्च

ऑपरेशननंतरचं रेडिएशन संपलं. आई थकली आहे. मी विचारलं, प्रोग्राम काढून टाकू का घरचा? तिने मान हलवली. नाही. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जणू चूक माझीच आणि माफही तीच करतेय.

१२ एप्रिल

ऑफिस, प्रोग्राम, आईचं पथ्य. तारखा लक्षात राहत नाहीत. आज जेवायलाच विसरले.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी घाईत निघाले होते. चपला घालत होते. मागून कुणीतरी बोललं. घोगरं, जाड, मध्येच हवा गळणारं. रेडिओ बिघडला असं वाटलं. वळले.

आई दारात. अंगठा गळ्यावर. तोंड लाल झालेलं.

"चारू," श्वास. "बारीक झालीस गो."

मी भरलेल्या एकाही बटणावर हे वाक्य नाही. हे आज सकाळी, माझ्याकडे बघून, तिला सुचलं.