सात क्लिक उजवीकडे

जिंतूर,
दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. निवड अधिकारी,
गोदा-पूर्णा हौशी नेमबाजी संघटना,
परभणी.

विषय : एअर पिस्तूल (मुली) निवड चाचणीबाबतचे माझे पूर्वीचे दोन्ही अर्ज रद्द समजणेबाबत व कु. निकिता हिच्यावरील शिस्तभंगाची नोंद काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ७ ऑक्टोबरचा अर्ज (पंख्याबाबत).
२) माझा दि. १० ऑक्टोबरचा अर्ज (पिस्तूल सदोष असलेबाबत).
३) क्लबने आपणाकडे पाठविलेला दि. १२ ऑक्टोबरचा अहवाल.

महोदय,

मी खाली सही करणार रंगनाथ लिंबाजी पौळ, धंदा मापाडी, जिंतूरच्या बाजारात सव्वीस वर्षे माल मोजतो. एकाच विषयावर आठ दिवसांत हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिल्या दोन अर्जांत मी इतरांची चूक दाखवली होती, म्हणून ते भराभर लिहून झाले. या अर्जाला दोन दिवस लागले.

१. कु. निकिता ही माझी मुलगी, वय सतरा, इयत्ता बारावी. क्लबच्या पिस्तुलावर दीड वर्षापासून सराव करते. साठ छऱ्यांच्या सरावात तिचे गुण साधारण ५४५ च्या आसपास येतात. दि. ५ ऑक्टोबरच्या चाचणीत ४९७ आले. निवड झालेल्या शेवटच्या मुलीचे ५३६ आहेत.

२. पहिल्या अर्जात मी असे लिहिले होते की, सभागृहातील पंख्याच्या वाऱ्याने छर्रे उजवीकडे ढकलले गेले. सदर पंखा त्या दिवशी वीज नसल्याने बंद होता, ही गोष्ट अर्ज पोस्टात टाकल्यावर माझ्या ध्यानात आली. आपण उत्तर दिले नाही, याबद्दल आभारी आहे.

३. दुसरा अर्ज करण्यापूर्वी मी लोकांचे मत घेतले. खरे तर न मागता मिळाले. सध्या सोयाबीनची आवक आहे, मापाजवळ माणसांची कमी नाही. पावतीबुकाच्या पाठीमागे मी नोंद ठेवली ती अशी : चष्मा लावा म्हणणारे नऊ, नजर लागली म्हणणारे सहा, पिस्तूल बदला म्हणणारे चार, आणि पोरीला हे पाहिजेच कशाला असे विचारणारे अकरा. माझे थोरले बंधू परमेश्वर यांची गणती या अकरांत आहे. "नेम धरून कुठं नांदायला जायचंय का तिला," असे ते चार माणसांत म्हणाले. नजरवाल्या सहांपैकी दोघांनी लिंबू घरून आणून दिले. मला त्यातल्या त्यात पिस्तूलवाल्या चौघांचे म्हणणे पटले, कारण त्यात आमच्या घरातले कोणी दोषी ठरत नव्हते.

४. दुसरा अर्ज टाकल्यावर चाचणीतील पहिल्या दहा छऱ्यांचे निशाणाचे कागद मी एकावर एक ठेवून उन्हात धरले. सगळी भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ होती; पण मध्यापासून जवळजवळ दोन वर्तुळे उजवीकडे. पुढचे कागद पाहिले तर भोके चहूकडे पांगलेली. क्लबचे प्रशिक्षक सिद्धोधन सर मुलींना शिकवतात की, छर्रे पांगले तर हात तपासा, एका जागी पण बाजूला पडले तर साईट, म्हणजे नेम धरायची खाच, तपासा. म्हणजे आरंभी पोरीचा हात चोख होता. छर्रे एकीकडेच का जातात हे तिला उमगेना, तेव्हा ती मूठ बदलू लागली, अंदाजाने डावीकडे धरू लागली, आणि नंतर हातही बिघडला. साईट सरकवणाऱ्या स्क्रूला मात्र तिने बोट लावले नाही. प्रत्येक वाईट छऱ्यानंतर स्क्रू फिरवायची तिची जुनी खोड होती. ती मोडण्यासाठी सरांनी तंबी दिली होती की, मला विचारल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, चाचणीत तर नाहीच. ती तंबी तिने साठही छर्रे पाळली.

५. रविवारी, दि. १२ रोजी, सरांनी मला व निकिताला क्लबवर बोलावून पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवले व स्वतः पाच छर्रे मारले. पाचही उजवीकडे गेले. मग त्यांनी आपले रजिस्टर काढले. त्यात निकिताच्या नावापुढे लिहिले आहे : मागची साईट मध्यापासून डावीकडे सात क्लिक. तिच्या मुठीच्या ठेवणीमुळे छर्रा जात्याच उजवीकडे ओढतो, म्हणून साईट डावीकडे ठेवावी लागते. एका क्लिकला छर्रा दहा मीटरवर दोन मिलिमीटर सरकतो. पिस्तुलावरील साईट त्या दिवशी बरोबर मध्यावर होती. सरांनी सात क्लिक डावीकडे मोजून निकिताच्या हाती पिस्तूल दिले. आठ दिवस न शिवलेल्या पिस्तुलावर तिने पाचांपैकी तीन छर्रे दहाच्या वर्तुळात मारले.

सरांनी विचारले, "निकिता, स्क्रू कुणी फिरवला?"

ती म्हणाली, "मीच फिरवला आसंल, सर. ध्यानात न्हाई."

सरांनी तसे लिहून घेतले. तंबी असताना स्क्रूला हात लावला म्हणून तीन महिने सराव बंद करण्याची शिफारस झाली, ती आपल्यापुढे गुरुवारी दि. १६ रोजीच्या बैठकीत येणार आहे. मी तिच्या मागे दोन हातांवर उभा होतो. मी काही बोललो नाही. येताना बसमध्येही बोललो नाही.

६. तरी लेखी कबूल करतो की, स्क्रू मी फिरवला. दसऱ्याच्या सुटीत क्लब बंद असल्याने सरांच्या लेखी परवानगीने पिस्तूल आमच्या घरी होते; छर्रे न भरता भिंतीकडे नेम धरण्याचा सराव चाले. दि. १ ऑक्टोबर रोजी खंडेनवमीला दुपारी मी पूजेसाठी वजने, विळे, कुऱ्हाड पुसून मांडली व त्यांच्याशेजारी पिस्तूल ठेवले. पुसताना दिसले की, मागच्या साईटवर मध्याची बारीक रेघ आहे आणि खाच तिच्या डावीकडे आहे. महोदय, मी मापाडी आहे. काटा मध्यावर नसेल तर शेतकरी माझ्याकडे बघतो, मध्यावर असेल तर व्यापारी बघतो. पण मध्यावर नसलेला काटा मी सव्वीस वर्षांत सोडलेला नाही. मला वाटले, पोरीचे ध्यान नाही, चाचणीआधी आपण नीट करून देऊ. बारीक पेचकस घेऊन सात वेळा टिक टिक ऐकत खाच रेघेवर आणली, हळद-कुंकू वाहिले आणि पाया पडलो. छर्रे भरत नसल्याने पुढच्या तीन दिवसांत तिला फरक कळण्याचे कारण नव्हते. वाकडे दिसणारे तिच्यासाठी सरळ होते, हे मला विचारता आले असते. ती त्या वेळी शेजारच्या खोलीत अभ्यास करीत होती.

७. रविवारी गप्प का राहिलो याचे कारण आपण विचाराल. दोन अर्जांनी मी आपला पंखा, पिस्तूल, शेजारच्या लेनमधील मुलीचे वडील, सगळ्यांवर बोट ठेवून बसलो होतो. सर पोरीसमोर मला काय म्हणतील याची भीती वाटली. सोमवारी माझी पत्नी राजेश्री म्हणाली, "तिला ठाव हाय. तुमी पेचकस घेऊन बसलेले मी बघितलं होतं. चाचणीहून आल्यावर मीच सांगितलं तिला." म्हणजे क्लबवर पोरीने माहीत असून आपल्यावर घेतले. तेव्हापासून ती कापूस वेचायला आईबरोबर जाते. पिस्तुलाचा विषय काढला तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या अण्णा, माझाच हात खोटा हाय." ती हे मला बरे वाटावे म्हणून म्हणते की तिला आता खरेच तसे वाटू लागले आहे, हे मला कळत नाही. रोज शंभर माणसांची तोंडे वाचणारा मी, घरातले हे एक वाचता येईना.

८. तरी विनंती की :

(अ) माझे संदर्भ १ व २ चे अर्ज रद्द समजावेत.

(आ) क्लबच्या अहवालातील "खेळाडूने स्वतः" हे शब्द काढून तेथे माझे नाव घालावे. शिक्षा द्यायची तर मला द्यावी; क्लबच्या आवारात मला वर्षभर बंदी घातली तरी चालेल.

(इ) घरी ठेवलेल्या पिस्तुलाची जबाबदारी खेळाडूची असते, हा आपला नियम मी वाचला आहे. त्यामुळे फेरचाचणी मागण्याचा हक्क मला नाही. तरीही मागतो. यादी पुढे जाण्यास चार दिवस आहेत. साठ नको, दहा छर्रे पुरेत. साईट सरांनी रजिस्टरप्रमाणे लावावी आणि मला दाराबाहेर उभे करावे.

(ई) फेरचाचणी न झाल्यास, पहिले दहा कागद आपण स्वतः पाहून तिचा हात चुकलेला नव्हता, एवढे एका ओळीत आपल्या सही-शिक्क्याने द्यावे. माझ्या तोंडच्या सांगण्यावर ती आता विश्वास ठेवणार नाही.

निर्णय प्रतिकूल आला तरी हा अर्ज मी मागे घेणार नाही.

आपला नम्र अर्जदार व खेळाडूचा बाप,

(सही)
रंगनाथ लिंबाजी पौळ
मापाडी, जिंतूर

सोबत : १) पहिल्या दहा छऱ्यांचे कागद, क्रमाने. २) सरांच्या रजिस्टरातील पानाची झेरॉक्स. ३) पेचकस.

प्रत :
१) सिद्धोधन सर, प्रशिक्षक, यांना माहितीस्तव व क्षमेसाठी.
२) कु. निकिता रंगनाथ पौळ, जिंतूर, यांना रजिस्टर पोस्टाने. पत्ता अर्जदाराचाच आहे.