गिळलेलं शून्य

५ नोव्हेंबर १९५१, मँचेस्टर
डोंगरावरच्या धरणातल्या पाण्याची उंची तारेवरून थेट ऑफिसातल्या काट्यावर आणायची. काम माझ्याकडे आलं. उशिरा का होईना, साहेबांना माणूस कळला. माझी पद्धत सोपी: आकडा नुसत्या एक-शून्यांत, दुपटीच्या हिशेबाने लिहायचा; एक असेल तर ठोका, शून्य असेल तर शांतता. दोन्ही टोकांना एकेक क्लॉक, बरोबरीने चालणारं. संपलं.

७ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावरची मिस क्लेग. हुशार, पण शंकेखोर. म्हणाली, "थ्वेट, सलग शून्यं आली की तार गप्प. किती गेली ते कळणार कसं?" मी म्हटलं, क्लॉक मोजेल. म्हणाली, "आणि क्लॉक मागे पडलं तर?"
तिची योजना अशी: प्रत्येक एक-शून्याच्या मधोमध व्होल्टेजने उडी मारायचीच. एकाला वर, शून्याला खाली. घेणारं यंत्र त्या उड्यांवरच आपली वेळ लावून घेणार. तारेवर दुप्पट धावपळ! शून्य म्हणजे काही नाही. काही नसलेल्याने उड्या कशाला मारायच्या?
उद्यापासून तिच्याशी वाद बंद.

८ नोव्हेंबर
वाद झाला. सुरुवात तिने केली.

१४ नोव्हेंबर
टेस्ट. धरणात पंचेचाळीस फूट, काट्यावर पंचेचाळीस! साहेबांनी पाठ थोपटली. क्लेग म्हणाली, "पंचेचाळीसमध्ये ठोके भरपूर, क्लॉक वाटेत सावरतं. चौसष्ट पाठवून बघा. एक ठोका, पुढे सहा शून्यं." चौसष्ट म्हणजे पाणी धरणाच्या काठाला. तिथवर ते कधी जात नाही. नाही पाठवलं.

१९ नोव्हेंबर
पाऊस हटत नाही. धरणाचा रखवालदार एमॉस कळवतो, खोपटात गारठा फार, यंत्राला ओल धरली आहे. उत्तर दिलं, सवय होईल.

२० नोव्हेंबर, सकाळ
काटा त्रेसष्टवर. सगळे त्याच्याभोवती उभे.

थोड्या वेळाने
काटा बत्तीसवर! जीव भांड्यात पडला. साहेबांनी चहा मागवला. क्लेग मात्र पांढरीफटक. "अर्धं पाणी गेलं कुठे?" मी म्हटलं, झडपा उघडल्या असतील.

दुपार
एमॉसचा फोन, पाणी काठावर आलंय. मी समजावलं, काटा बत्तीस दाखवतोय. ओरडला, "साहेब, माझ्या बुटांत पाणी शिरलंय, तुमच्या काट्याच्या नसेल शिरलं!" अतिशयोक्तीची सवय आहे त्याला.
क्लेगने रिसीव्हर ओढून घेतला आणि कोणालाही न विचारता खालच्या गावातल्या गिरणीला फोन लावला. भोंगा वाजवा, सगळ्यांना वरच्या चर्चमध्ये न्या. मी तिला अडवायला गेलो. साहेबांनी माझा हात धरला. सोडला नाही. तिचं बोलणं संपतं न संपतं तोच लाइन गेली.

संध्याकाळ
गावाची बातमी नाही. क्लेगने फळ्यावर लिहून दाखवलं: गारठ्यात धरणावरचं क्लॉक पुढे धावलं, आपलं मागे पडलं, सहातलं एक शून्य गिळलं; एक शून्य गेलं की आकडा निम्मा, चौसष्टचं बत्तीस झालं. मी म्हटलं, दोष पद्धतीचा नाही, हवेचा. साहेब फळ्यावरची शून्यं मोजत राहिले. मी कोट चढवला. इथेही गारठा आहेच.

२१ नोव्हेंबर
धरण टिकलं. पाणी मात्र काठावरून ओसंडलं. नदीकाठच्या घरांत छातीएवढं. माणसं वर चर्चमध्ये होती. सगळी.

८ डिसेंबर
क्लेगच्या पद्धतीचं यंत्र बसलं. गावाने चर्चच्या हॉलमध्ये चहा ठेवला. मी जाणारच नव्हतो. साहेब म्हणाले, चला. कारण सांगितलं नाही.
क्लेगभोवती गर्दी. मी भिंतीपाशी बशी धरून उभा. गिरणीतली एक बाई आली, मिसेस स्कोफील्ड. तिच्या घरातला चिखल अजून निघालेला नाही. भोंगा झाला तेव्हा तिची आजारी आई घरात खुर्चीत झोपलेली होती, खुर्चीसकट उचलून नेली म्हणाली. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आणि दादा, तुम्ही काय केलंत त्या दिवशी?"
ओल, हवा, क्लॉक, सगळं तोंडाशी आलं.
म्हटलं, "मी मिस क्लेगच्या शेजारी बसतो."
"नशीबवान आहात," म्हणाली, आणि माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.