गुळाचं पारडं

तंजावूर, १५ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. वसुमतीस अप्पाचे आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचून घाबरू नकोस, पण उत्तर लगेच घाल. कोपऱ्यावर एसटीडी बूथ झालं आहे, पण आतलं बोलणं बाहेरच्या रांगेला ऐकू येतं, म्हणून लिहितो.

तुझ्या अखिलेची कावीळ बरी झाली तर तिच्या वजनाइतका गूळ देवीला वाहीन, असा माझा नवस होता. शुक्रवारी देवळात तिची तुला केली. पोर एका पारड्यात, गूळ दुसऱ्यात. आणलेला गूळ पुरला नाही. दोनदा दुकानात माणूस धाडला, तोवर ती पारड्यातच बसून. मला आनंद झाला. आमची गुंडू गोलमटोल भरली, आणा अजून, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. तिच्या वर्गातल्या मुली दर्शनाला आलेल्या मला दिसल्याच नाहीत.

आता तिला पाहिलं की त्या मुली गूळ आणा, गूळ आणा म्हणून ओरडतात, असं शेजारची कीर्तना सांगते. अखिला डब्यातला दहीभात गाईला घालते, घरी भूक नाही म्हणते. दृष्ट असेल म्हणून तुझ्या आईनं मिरच्या ओवाळल्या. कावीळ उलटली तर गं?

काळजीत आहे. माया राहू दे.
तुळजाजी

कोइमतूर, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पांस वसुमतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. २६ तारखेला शनिवारी येते. वर्ष अर्धं झालं असलं तरी अखिलेला इकडे आणून शाळेत घालीन म्हणते. पण शाळा बदलून हसणाऱ्या मुली सुटतात थोड्याच!

रागावू नका. तिला गुंडू आधी कोण म्हणालं? लाडानंच म्हणता, ठाऊक आहे. मलाही म्हणायचात. भामाताईच्या लग्नाच्या फोटोत मी कुठे उभी आहे ते एकदा पाहा. मिरच्या पुरे, तिच्याशी बोला.

आईस नमस्कार. लेकीवर लोभ असावाच.
वसुमती

तंजावूर, २२ नोव्हेंबर

चि. सौ. वसुमतीस आशीर्वाद. वि. वि. फोटो पाहिला. सगळ्यांच्या मागे तुझं अर्धंच तोंड दिसतं. वीस वर्षं भिंतीवर आहे, आणि मी नवरदेवाचा फेटाच बघत होतो.

शाळेत जाऊन त्या मुलींना दरडावणार होतो. अखिलेनं हात धरला. ताता, तुम्ही आलात तर अजून हसतील, म्हणाली. मग तिची क्षमा मागितली. लहानांची क्षमा कशी मागतात ते मला कुणी शिकवलं नाही. मराठीत सुरू केलं, तमिळमध्ये संपलं. तिनं विचारलं, मी बारीक असते तर तुम्हाला लाज वाटली नसती ना? मी सांगितलं, काविळीत तुला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा हातात काही नाहीच असं वाटलं होतं. त्या भीतीनं गूळ जास्त लागावा असंच वाटत होतं. लाज कधीच नव्हती, अक्कल नव्हती.

तू ये. न्यायचं की ठेवायचं ते तिलाच विचारू. मला ती इथे हवी आहे, पण तसं तिला म्हणणार नाही.

आज सकाळी तिनं स्वतः ताट घेतलं आणि मला तिकडे तोंड करून बसा म्हणाली. मी भिंतीकडे वळून बसलो. किती इडल्या खाल्ल्या, ठाऊक नाही.

म्हाताऱ्याला सांभाळून घे.
तुळजाजी