मागचं चाक मधोमध आलं

ती. वन्संना वाकून नमस्कार. (खरोखर वाकूनच. कालपासून मला सरळ होता येत नाही. कारण खाली येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढतानाच दुखतो, की नुसतं चालतानाही? नीट कळवा, मोघम नको.

तुमचं पत्र पोचलं. 'मागचं चाक एका बाजूला गेलेली ती सायकल ठेवून काय तिचं तोंड बघत बसणार आहेस? रविवारी भंगारात दे,' असं लिहिलंत. तुमच्या भावाची सायकल, तुमचा हक्क आहेच. पण मी ठरवलं, रविवारच्या आत चाक मधोमध आलं तर ती राहील, नाहीतर जाईल. सायकलवाला म्हणाला, "काकू, हे घरी करायचं काम नाही." म्हटलं, "तुझं दुकान तरी कुठे आहे रे? तुझ्या घराच्या पुढच्या खोलीतच ना?" मग त्याने स्पोक आवळायची चावी काढून दिली.

वाचनालयातून पुस्तक आणलं. सायकल उभी असतानाच मोजून कागदावर लिहिलं: रिम आणि चाकाशेजारचा दांडा यांच्यामध्ये डावीकडे करंगळी शिरत नाही, उजवीकडे दोन बोटं आरामात. म्हणजे उजवीकडचे स्पोक आवळायचे, डावीकडचे सैल करायचे. मग सायकल स्वयंपाकघरात उलटी उभी केली आणि दोन दिवस इमानाने उजवीकडचे आवळले. पुस्तकात होतं, सारखं मोजत बसू नका, धीर धरा. मी धरला. (उशिरा वाचायला शिकलेलं माणूस छापलेल्यावर जरा जास्तच विश्वास ठेवतं.) तिसऱ्या दिवशी टायर दांड्याला टेकलं आणि चाक फिरेचना! शेवटी सायकलीकडे पाठ करून, वाकून, स्वतःच्या पायांमधून पाहिलं, तेव्हा उजेड पडला. सायकल उलटी केली की तिची उजवी बाजू माझ्या डावीकडे येते, हे पुस्तकात नाही. नेमकी तेव्हाच शेजारीण आत आली. "काय हरवलं हो?" "उजवी बाजू," मी तशीच खालून म्हणाले. पाठ धरली ती तेव्हापासून.

सगळं उलट फिरवलं. आज दोन्हीकडे बरोबर एकेक बोट! पूर्वी रिम ब्रेकच्या रबराला घासायची. गल्लीच्या वळणावर खर्र खर्र आलं की मी चहा ठेवायची. दुरुस्त करा म्हटलं की हे म्हणायचे, "मग तुला कळणार कसं, मी आलो ते?" आता चाक अगदी गप्प फिरतं. थोडा वेळ ऐकत बसले, मग आपणहून चहा ठेवला.

तर सायकल राहणार. रागवा, पण बेतानं.

तुमची,
वाकलेली भावजय

ता. क. गुडघ्याची चौकशी उगाच केली नाही. मला सायकल येत नाही. ह्यांना तुम्हीच शिकवलीत, मागून सीट धरून, पळत पळत. पुढच्या आठवड्यात या.

आणखी एक. मधेच न सांगता तुम्ही हात सोडलात, हे ते प्रत्येक वेळी हसून सांगायचे. न सांगता हात सोडायची सवय तुमच्या माहेरी सगळ्यांनाच आहे, म्हणून आधीच लिहिते: माझा सोडताना सांगून सोडा.